हँडलची उंची आणि माझी करंगळी

दिवाळी तोंडावर आली होती आणि माझ्याकडे २१ ब्लाउज पडून होते. पहाटे सायकल, आल्यावर आंघोळ-चहा आणि मग स्वयंपाकाच्या आधी तासभर हातशिलाई, असा माझा रोजचा क्रम. त्या दिवशी हूक लावायला बसले आणि डाव्या हाताच्या करंगळीखालून कापड सटकायला लागलं. सुई उजव्या हातात असली तरी कापड ताणून धरायचं काम डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांचं असतं. ती बोटं बधिर झाली होती. चिमटा काढून पाहिला, तर कातडं दुसऱ्याचं असल्यासारखं लागलं. अर्ध्या तासाने मुंग्या आल्या आणि मग हळूहळू बोटं जागी झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी उजव्या हातालाही.

मी घाबरले. बोटांवर माझं पोट आहे. गेली १९ वर्षं साताऱ्यात मी बायकांचे कपडे शिवते, आणि बोटाला धागा कळेनासा झाला तर मी दुसरं काय करणार?

डॉक्टरांना वाटलं मशीनमुळे असेल. मग त्यांनी विचारलं, व्यायाम काय करता? सायकल म्हटल्यावर म्हणाले, हँडल कसं धरता ते टेबलाच्या कडेवर दाखवा. मी दाखवलं. त्यांनी माझ्या तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यावर, मनगटाच्या जरा वर, अंगठ्याने दाबलं आणि तीच कळ करंगळीत गेली. तिथून एक नस तळहातात उतरते, अल्नर नर्व्ह. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू, एवढ्याचीच जाणीव तिच्याकडे. अंगाचा भार तासभर त्याच जागेवर पडला की नस दबते. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं बधिर झाली असती तर नस वेगळी, कारणही वेगळं असतं. म्हणाले, "सायकल बंद करू नका. थोडे दिवस कमी करा, आणि आधी ते हँडल बघा."

आता सायकलीबद्दल. ती माझ्या भाच्याची. २६ इंची चाकांची, पुढे १०० मिलिमीटरपर्यंत दबणारा हवेचा शॉकअप असलेली माउंटन बाइक. तो पुण्यात असताना शर्यतीत उतरायचा, नोकरीसाठी बाहेरगावी गेला तेव्हा सायकल माझ्या अंगणात ठेवून गेला. दोन महिने ती नुसती उभी होती. मग एका सकाळी मी ती समर्थ मंदिरापर्यंत नेली, दुसऱ्या आठवड्यात यवतेश्वरच्या घाटातल्या पहिल्या दोन वळणांपर्यंत, आणि पावसाळा संपता संपता वर देवळापर्यंत. घाट चढून वर गेलं की मागे वळून बघायचं, अजिंक्यतारा समोर आणि खाली सगळं गाव. ४४ व्या वर्षी हे सुख नव्याने मिळालं होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं.

सायकलच्या दुकानात गेले तर मिस्त्री म्हणाले, "सीट खाली घ्या ताई, हँडल आपोआप वर वाटेल." वाटलं खरं तसं. पण दोन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागलं. सीटची उंची पायावरून ठरते, हाताशी तिचा संबंध नाही, हे मला तिथे कळलं. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवायची, पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपसूक थोडा वाक येतो. मी सीट पुन्हा तिच्या जागी नेली आणि ठरवलं, आता हिला हात लावायचा नाही.

मग शिवणाच्या खोलीतला टेप घेतला. टेपच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. ती दुसरी बाजू इतक्या वर्षांत मी उलटून पाहिली नव्हती, ती आता कामाला आली. लेकीने सायकल भिंतीला टेकवून सरळ धरली. जमिनीपासून सीटच्या माथ्यापर्यंत ९६ सेंटिमीटर, जमिनीपासून ग्रिपच्या मध्यापर्यंत ९२. म्हणजे हात सीटपेक्षा चार सेंटिमीटर खाली. शर्यतीत उतरणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला हे ठीक, तो मुद्दाम पुढे वाकतो, वाऱ्याला कमी अडतो, चढाला पुढचं चाक दाबून ठेवतो. त्याचं पोट आणि पाठ त्याचा भार पेलतात, हात फक्त हँडल धरतात. माझी पाठ दिवसभर मशीनवर वाकलेली असते. पहाटे ती मला सावरत नाही, मग सगळा भार तळहातांवर येतो.

मोजण्याआधी एक काम करायचं राहिलं होतं, ते नंतर कळलं. शॉकअपमध्ये हवा भाच्याच्या वजनाची होती. आपण बसलो की शॉकअप थोडा दबतो आणि तेवढंच हँडल खाली जातं, म्हणून हवा आधी आपल्या वजनाला लावायची आणि मग उंचीचं बोलायचं. शॉकअपच्या चकचकीत नळीवर, खालच्या रबराला लागून, मी लाल दोऱ्याचा एक वेढा बांधला. सायकलचे कपडे घालून अलगद बसले, न हिसकता उतरले. दोरा जेमतेम एक सेंटिमीटर वर सरकला होता. मग सायकलबरोबर आलेल्या छोट्या पंपाने हवा थोडी थोडी कमी करत दोन सेंटिमीटरवर आणला. १०० मिलिमीटरच्या शॉकअपला एवढं बसणं साधारण बरोबर मानतात. खड्डे मऊ लागायला लागले, पण बसल्यावर हँडल आणखी एक सेंटिमीटर खाली गेलं होतं. म्हणजे माझी अडचण टेपवर दिसत होती त्याहून थोडी मोठीच.

हँडल वर कसं घ्यायचं? फ्रेमच्या पुढच्या नळीतून शॉकअपचा पाइप वर येतो. त्या पाइपला स्टेम धरतं आणि स्टेम हँडलला. स्टेमच्या खाली किंवा वर ज्या कड्या असतात त्या स्पेसर. वरची कडी खाली घातली की स्टेम तेवढं वर जातं. सगळ्यात स्वस्त आणि सोपा उपाय हाच. माझ्याकडे वर एकच कडी होती, पाच मिलिमीटरची. आणखी कड्या आणू म्हणून भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "नाही गं मावशी, पाइप कापलाय मी. वर जागाच नाही."

मला खरंच वाईट वाटलं. कापड कापायच्या आधी मी तीनदा बघते, कारण एकदा कात्री चालली की परत नाही. नवीन शॉकअपचा पाइप लांब येतो. तो आपल्या मापाचा म्हणून लगेच कापू नये. महिना-दोन महिने वरती कड्यांचा मनोरा दिसला तर दिसू दे. आधी कच्चे टाके, मग पक्की शिलाई. ज्यांच्याकडे नवी सायकल येणार आहे त्यांना माझं हे एकच कळकळीचं सांगणं आहे.

एक कडी होती, ती खाली घातली. ९२.५. मग स्टेम उलटं केलं. माझ्या स्टेमची लांबी १०० मिलिमीटर, आणि ते सहा अंश खाली झुकवून लावलेलं होतं. तेच काढून पालथं बसवलं की सहा अंश वर झुकतं. एक पैसा खर्च न करता हँडल जवळजवळ दोन सेंटिमीटर वर आलं. शिवाय सहा-सात मिलिमीटर माझ्याकडेही सरकलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढची नळी मागे कललेली असते. हँडल वर घेतलं की ते जवळही येतं, नुसतं वर जात नाही. टेपवर आता ९४.५.

हे काम पहिल्यांदा करताना मी चुकले, म्हणून सविस्तर सांगते. वरच्या टोपीचा बोल्ट हँडल घट्ट धरण्यासाठी आहे असं मला वाटत होतं, म्हणून तो जोर लावून आवळला. हँडल वळेना, वळलं तर रवाळ लागे. टोपीचं काम फक्त बेअरिंगमधली हलहल काढण्याचं. पाइप धरून ठेवतात ते स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट. तेव्हा आधी बाजूचे दोन्ही सैल करायचे, टोपी अलगद आवळायची, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलायची. दुसऱ्या हाताचं बोट पुढच्या नळीच्या वरच्या सांध्यावर ठेवायचं. टक टक लागलं तर टोपी अजून पाव फेरा. टक टक गेली आणि हँडल मोकळं वळतंय, तिथे थांबायचं. मग दोन्ही पायांत पुढचं चाक धरून हँडल चाकाशी सरळ करायचं आणि बाजूचे बोल्ट एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे आवळायचे. माझ्या स्टेमवर ५ न्यूटन-मीटर असं छापलेलं आहे, बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं ते माप. तो जोर मोजणारा टॉर्कचा पाना नसेल तर एका कामापुरतं दुकानात जावं. आणि टोपी काढलीत की पाइपचं तोंड बघा. ते वरच्या कडीच्या किंवा स्टेमच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली असायला हवं. नाहीतर टोपी पाइपावरच बसते आणि कितीही आवळा, हलहल जात नाही.

त्या उंचीवर दोन आठवडे चालवली. करंगळी आता तासभर शाबूत राहायची, तासानंतर मुंग्या. यवतेश्वरपर्यंत ठीक, पण एका रविवारी पेट्रीच्या पुढे कासच्या पठारापर्यंत गेले, साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटर, आणि परतताना उतारावर ब्रेकवरची बोटं कळेनाशी झाली. घाटाच्या उतारावर ब्रेक न कळणं म्हणजे काय ते सांगायला नको. मी थांबत थांबत, हात झटकत खाली आले.

कासचं निघालंच आहे तर एक सांगते. माउंटन बाइक आहे म्हणून कोणी ती सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, घालू नका. तिथे जांभ्या दगडावर मातीचा पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यावर ती सगळी फुलं. त्यावरून एक टायर गेला की तेवढी पट्टी गेली. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण त्याआधीपासून ते आपल्या जिल्ह्याचं आहे. सायकल डांबरावर ठेवा आणि पायी आत जा.

आता कड्या नाहीत, स्टेम उलटून झालं. राहिलं हँडल. भाच्याचं सरळ दांडी होतं. मधून सरळ निघून दोन्हीकडे वर उचललेलं मिळतं, त्याला राइझर म्हणतात. २०, ३०, ४० मिलिमीटर अशा उचलीचं. मी ३० चं घेतलं. आधी दुसरंच आणलं होतं, मधली जाडी २५.४ ची. माझ्या स्टेमला ३१.८ हवी. घेण्याआधी ही जाडी बघा, माझी एक फेरी वाया गेली. पाइपावर चढवायचा उंची वाढवणारा जोडही एकाने दाखवला. गावातल्या रस्त्यावर चालत असेल, पण घाटातून खाली येताना माझा सगळा जीव त्या एका जोडावर असणार, आणि तो मला नको वाटला.

नवं हँडल बसलं आणि दुसरीच गोष्ट पुढे आली. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की मागचा गिअर आपोआप पडायचा. केबल ताणली जात होती. उंची वाढली की केबलही तेवढी लांब लागते. गिअरची आणि मागच्या ब्रेकची, दोन्ही केबल बाहेरच्या आवरणासकट बदलल्या. हा खर्च आधीच धरून ठेवा.

टेपवर ९७.५. सीटपेक्षा दीड सेंटिमीटर वर. पहिल्या दिवशी समर्थ मंदिराच्या चौकात मला राजासारखं वाटलं. पाठ सरळ, मान सैल, हात हलके. मग घाट लागला.

यवतेश्वरच्या घाटात चढ तीव्र होतो तिथे, वळणाच्या आतल्या बाजूला, पुढचं चाक भटकायला लागलं. मी सरळ जायला बघतेय आणि चाक डावीकडे, उजवीकडे. अंग सरळ झालं की भार मागच्या चाकावर जातो, चढाला तो आणखी मागे जातो, आणि पुढचं चाक हलकं होतं. कोपर वाकवून छाती खाली नेली की ते जमिनीला धरायचं. पण पाऊण तास कोपर वाकवून चढायचं तर हँडल वर घेतलं कशाला?

ते चालवूनही घेतलं असतं. पण त्याच आठवड्यात बोगदा ओलांडून कुरणेश्वराच्या बाजूला गेले. तिथे एक मुरमाची वाट आहे, पावसानंतर वरचा बारीक मुरूम सुटा झालेला. एका सपाट वळणावर, वेग काही फार नव्हता, पुढचं चाक हातातून निसटलं. मी हँडल वळवलं होतं आणि चाक वळलेलंही होतं, पण सायकल सरळच चालली होती. चाकाखाली खर्र असा आवाज आला आणि मी डाव्या कुशीवर. गुडघा सोलला, पंजाबी ड्रेसची सलवार मांडीपर्यंत फाटली. उठून मागे बघितलं तर मुरमात पुढच्या चाकाची दीड हात लांब, रुंद, घासलेली रेघ होती. मागच्या चाकाची रेघ मात्र बारीक आणि स्वच्छ, नक्षीसकट उठलेली. त्या दोन रेघा मी बराच वेळ बघत बसले. पुढच्या चाकावर भारच नव्हता, ते जमिनीला धरणार कसं?

तोवर मी फक्त हाताचा विचार करत होते. हात म्हणतात वर घे, पुढचं चाक म्हणतं खाली घे. दोघांचं ऐकून घ्यायचं तर जागा मधे कुठेतरी असणार, आणि ती घरात भिंतीला टेकवलेल्या सायकलीवर सापडत नाही. माझ्याकडे एकाच उंचीच्या दोन बायका येतात, दोघी पाच फूट तीन इंच. एकीची बाही दुसरीपेक्षा सव्वा इंच लांब, पाठ तेवढीच आखूड. एकीचा ब्लाउज दुसरीला होणार नाही. मग उंचीवरून हँडलचं माप सांगणारे तक्ते मी कसे मानू? सीटच्या बरोबरीने, किंवा एखादा-दुसरा सेंटिमीटर इकडेतिकडे, इथून सुरुवात करावी, एवढं त्यांचं खरं आहे.

मग मी ट्रायल घ्यायची ठरवली, नेहमी गिऱ्हाइकाची घेते तशी. वाट ठरलेली. समर्थ मंदिर, यवतेश्वर, परत, आणि मग कुरणेश्वराचं ते मुरमाचं वळण. दर वेळी एकच बदल, आणि तो बदल निदान तीन फेऱ्या तसाच ठेवायचा. राइझर तसंच ठेवून स्टेम पुन्हा भाच्याच्या पद्धतीने झुकतं लावलं. ९५.५. चढाला पुढचं चाक शांत झालं. वळणावर मुरूम अजून थोडा सुटतोय असं वाटलं. चौथ्या फेरीनंतर ती एकुलती एक कडी खालून काढून वर ठेवली. पाच मिलिमीटर, म्हणजे शिवणकामात आम्ही ज्याला साधारण दीड सूत म्हणतो तेवढं. एवढ्याने काय होणार असं मला वाटलं होतं. पण त्या सकाळी त्या वळणावर पुढचं चाक रुतून बसल्यासारखं वळलं, मी एकदा परत वर चालत जाऊन पुन्हा उतरले, पुन्हा तसंच. ९५.

करंगळी? दोन तास शाबूत. त्यात सगळं श्रेय उंचीचं नाही. राइझर बसवताना मी त्याचा वाक माझ्याकडे जास्त झोपवला होता, त्याने मनगट बाहेर मुडपायचं. तो थोडा उभा केला. ब्रेकचे लिव्हर आडवे होते, ते खाली झुकवले, एवढे की बोट ठेवलं तर कोपरापासून बोटापर्यंत एक सरळ रेघ यावी. मनगट मागे मोडलेलं असेल तर हँडल कितीही वर घ्या, नस दबतेच. आणि दर दहा मिनिटांनी हात थोडा सरकवायचा, ही सवय लावून घेतली.

ज्यांची सायकल साधी, कमी किमतीची आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कड्या दिसणारच नाहीत. त्यांचं स्टेम जुन्या सायकलीसारखं पाइपाच्या आत घुसलेलं असतं. माझ्या वडिलांची सायकल तशी होती. वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून एक ठोका द्यायचा, आतली पाचर सुटली की हँडल वर-खाली होतं. ते तुम्हाला घरीही करता येईल. फक्त स्टेमच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, ती रेघ बाहेर दिसेपर्यंत वर घेऊ नका. त्यापेक्षा कमी दांडा आत राहिला तर तो उतारावर मोडू शकतो.

माझ्याकडे मापांची एक वही आहे. प्रत्येक बाईचं एक पान, छाती, कंबर, खांदा, बाही, आणि खाली बारीक अक्षरात एखादी खूण, उजवा खांदा उतरता आहे, गळा मागे मोठा नको, असं. लेकीने त्यात एक नवीन पान घातलंय आणि वर माझं नाव लिहिलंय. सीट ९६. हँडल ९५. शॉकअप दोन सेंटिमीटर बसतो. कडी वर. खाली मी लिहिलं, डावा हात, करंगळी, तपासत राहणे.